कव्हरवरचं नाव

'जॅपनीज गर्ल', म्हणजे जपानी मुलगी. जुलै १९७६ मध्ये जपानमध्ये निघालेल्या एका रेकॉर्डचं हे नाव. गायिका अकिको यानो, वय अवघं २१. स्वतःच्या एकटीच्या नावावर निघालेला तिचा हा पहिलाच अल्बम. गंमत बघा, स्वतःला 'मुलगी' म्हणवणारी ही गायिका तेव्हा चांगली लग्न झालेली होती. 'यानो' हे आडनावही सासरचंच. माहेरची ती सुझुकी.

तुम्ही म्हणाल, जपानी गाणी आम्ही कधी ऐकायची आणि त्यातलं आम्हाला काय कळायचं? पण मैत्रिणींनो, ही गोष्ट नुसती गाण्यांची नाही.

अकिकोचा जन्म टोकियोतला, पण ती वाढली आओमोरीत. जपानच्या मुख्य बेटाचं हे पार उत्तरेचं टोक. भरपूर बर्फ, सफरचंदाच्या बागा, आणि राजधानीतल्या लोकांना गावंढळ वाटणारी बोली. लहानपणापासून पियानो शिकलेली ही मुलगी शिक्षणासाठी टोकियोला आली, शाळा अर्धवट सोडली आणि जॅझच्या क्लबात पियानो वाजवू लागली.

मग हा अल्बम. त्याची एक बाजू ध्वनिमुद्रित झाली थेट अमेरिकेत, लॉस एंजेलिसला, 'लिटल फीट' या तिथल्या नावाजलेल्या बँडबरोबर. दुसरी बाजू जपानी वादकांबरोबर. एकविशीतली पोरगी अमेरिकेत गेली म्हणजे तिथल्यासारखं गाऊन दाखवायला गेली असेल, असंच कुणालाही वाटेल. हिने मात्र सोबत नेली आपल्या मुलखातली, त्सुगारूची लोकगीताची चाल. आओमोरीत ऑगस्ट महिन्यात 'नेबुता'चा उत्सव असतो. माणसांपेक्षा कितीतरी उंच असे कागदी कंदिलांचे रथ निघतात, ढोल-बासरी वाजते, लोक ओरडत नाचत पुढे जातात. त्या गजराची लय तिने गाण्यात आणली, आणि ते एकच गाणं दोन तऱ्हांनी रेकॉर्डच्या दोन्ही बाजूंना घातलं. १९३१ सालचं एक जुनं लोकप्रिय गाणंही तिने आपल्या पद्धतीने गायलं. बाकी बहुतेक शब्द आणि चाली तिच्याच. पहिल्यांदा ऐकताना दचकायला होतं. आवाज लहान मुलीसारखा, मध्येच उंच उडी मारणारा, गोड गाण्याची अजिबात फिकीर नसलेला. दोन-तीनदा ऐकलं की मग सोडवत नाही.

आता आडनावाकडे येऊ. पहिलं लग्न मोडलं. १९८२ मध्ये तिने संगीतकार र्यूइची साकामोतोशी लग्न केलं. पुढे ऑस्कर मिळवणारा, जगभर गाजलेला माणूस. तरी रेकॉर्डवर ती 'यानो'च राहिली. २००६ मध्ये तेही लग्न संपलं, नाव तेच. आपल्याला लगेच कोण आठवलं? आशाताई! गणपतराव भोसल्यांचं घर सुटलं, १९८० मध्ये आर. डी. बर्मन यांच्याशी लग्न झालं, पण नाव आशा भोसले ते आशा भोसलेच. लोक म्हणतात, सोडलेल्या नवऱ्याचं नाव कशाला मिरवायचं? अहो, पण ते आता नवऱ्याचं राहिलंय कुठे? गाऊन गाऊन ते तिचं झालं. नवऱ्याने दिलं एवढंच, कमावलं तिने.

जपानमध्ये हा प्रश्न आणखी टोकदार आहे, कारण तिथे कायदाच आडवा येतो. तिथल्या दिवाणी कायद्याच्या ७५० व्या कलमानुसार नवरा-बायकोचं आडनाव एकच हवं. कुणाचं, ते दोघांनी ठरवायचं. ऐकायला किती समतेचं! प्रत्यक्षात शंभरातल्या साधारण ९५ जोडप्यांत नाव बदलते ती बायकोच. बायका कोर्टात गेल्या. २०१५ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा घटनेत बसतो असंच सांगितलं. त्यामुळे नोकरीत एक नाव आणि सरकारी कागदावर दुसरं, अशी कसरत तिथल्या कितीतरी जणी करत आल्या.

आपल्याकडे अशी सक्ती कुठल्याच कायद्यात नाही. तरी तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहिलं जातंच, आणि कधी कधी आडनावच नाही तर स्वतःचं नावही त्या तांदळात मिसळून जातं. मग दहावीची मार्कशीट एका नावाची, बँकेचं पासबुक दुसऱ्या नावाचं, आणि प्रतिज्ञापत्रासाठी तहसील कचेरीत हेलपाटे. आमचं म्हणणं इतकंच की नाव बदला किंवा ठेवा, पण आधी मुलीला विचारा तरी. तिने त्या नावावर काय काय जमवलंय, कशाकशावर सही केलीय, हे तिच्याशिवाय कुणाला ठाऊक असणार? पाहुण्यांसमोर ताट पुढे आल्यावर विचारणं म्हणजे विचारणं नव्हे.

आणि नाव बदललेल्या सगळ्याच जणी हरवतात असंही नाही बरं का! अकिकोच्याच पिढीतली युमी अराई. १९७३ मध्ये, १९ व्या वर्षी तिचा पहिला अल्बम निघाला, 'हिकोकी-गुमो', म्हणजे विमानामागे उरणारा पांढरा ढग. नाव झालं. १९७६ च्या अखेरीस तिने लग्न केलं आणि पुढचे अल्बम काढले ते 'युमी मात्सुतोया' या सासरच्या नावाने. गाजलीही तशीच, किंबहुना जास्तच. त्या पहिल्या अल्बमचं शीर्षकगीत २०१३ मध्ये हायाओ मियाझाकींनी आपल्या 'द विंड रायझेस' या चित्रपटात घेतलं. तोवर तिच्या लग्नाला ३७ वर्षं होत आली होती. तरी त्या गाण्यापुढे पडद्यावर नाव आलं ते माहेरचंच, युमी अराई.