निकाल कुणाच्या हवाली?

१९९५ साली देशात सामान्य माणसाच्या हाती इंटरनेट नुकते कुठे येत होते. त्याच वर्षी मुंबईत राजेश जैन यांनी ‘इंडियावर्ल्ड’ सुरू केले. पुढे बातम्यांसाठी ‘समाचार’, पाककृतींसाठी ‘बावर्ची’, क्रिकेटसाठी ‘खेल’ अशी त्याची संकेतस्थळे घरोघर माहीत झाली. नोव्हेंबर १९९९ मध्ये सत्यम इन्फोवेने हा सारा पसारा ४९९ कोटी रुपयांना घेण्याचा करार केला. चार महिन्यांनी डॉटकॉमचा बाजार कोसळू लागला. आज क्रिकेटच्या नोंदींसाठी कोणी ‘खेल’चे नाव घेत नाही. १९९३ पासून स्वयंसेवकांनी वाढवलेले ‘क्रिकइन्फो’ मात्र तगले. २००३ मध्ये ते विस्डेनने घेतले, २००७ मध्ये ईएसपीएनने. सामन्यागणिक धावफलक एकाच शिस्तीत जपलेला होता, म्हणून ते घ्यावेसे वाटले, असे माझे मत आहे.

क्रिकेटला गिऱ्हाईक मिळते. आमच्या खो-खोला कोण मिळणार?

डिसेंबर २०२३ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात बल्लारपूरजवळ विसापूरच्या क्रीडा संकुलात राष्ट्रीय शालेय मैदानी स्पर्धा झाल्या. त्यांचे निकाल चार ठिकाणी सापडतील. काळजी आहे ती आश्रमशाळांच्या स्पर्धांची. चंद्रपूर, चिमूर, गडचिरोली, अहेरी, भामरागड या आदिवासी विकास प्रकल्पांत मुलेमुली कबड्डी खेळतात, धावतात, लांब उडी मारतात. पट्टीने आखलेल्या कागदावर निळ्या शाईत नाव, शाळा, वयोगट, अंतर लिहिले जाते. खाली पंचांची सही. कुणीतरी मोबाइलवर फोटो काढून व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकतो. कागद गठ्ठ्यात जातो. पुढे सरांची बदली होते, फोनची जागा भरते, फोटो पुसले जातात. जुनी संकेतस्थळे साठवणारे ‘वेबॅक मशीन’ १९९६ पासूनची पाने जपते, पण जे सर्वांसाठी खुले असते तेवढेच. बंद ग्रुपमधला निकाल तिथे कधीच पोचत नाही.

हा केवळ आठवणींचा प्रश्न नाही. राज्यात शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे आणि त्यासाठी प्रमाणपत्राची पडताळणी होते. बोगस प्रमाणपत्रांमुळे ती कडक झाली, हे योग्यच झाले. पण मूळ नोंदच हरवली, तर खरा खेळाडूही संशयात सापडतो. वरच्या पातळीवर पोचलेल्याची नोंद तरी असते. भामरागडच्या मुलीची पहिली उडी कुठे नोंदलेली असेल?

संकेतस्थळ काढा, ग्रुपही चालवा. माझी हरकत नाही. पण फुकट मिळालेली जागा आपली नसते. मालकाचे गणित बदलले की आपल्या नोंदींचे काय करायचे, हे तो आपल्याला विचारत नाही. २००९ मध्ये जिओसिटीज आणि २०१४ मध्ये ऑर्कुट बंद झाले, तेव्हा जगाने हे पाहिले आहे.

म्हणून चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांतल्या क्रीडाशिक्षकांना आणि प्रकल्प कार्यालयांना माझी विनंती आहे: या मोसमापासून प्रत्येक निकालाची सहीनिशी एक प्रत शाळेच्या दप्तरात ठेवा, एक प्रकल्पात आणि एक गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठाच्या ग्रंथालयाकडे द्या. विद्यापीठाने ती नाकारू नये.