पाद्र्याचे गाव

परवा संध्याकाळी टावर चौकात, घड्याळाच्या मनोऱ्याखाली, आम्ही स्नेह्यांची वाट पाहत उभे होतो. इतक्यात विलायतेत स्विंडन येथे नोकरीस असलेल्या आमच्या एका माजी विद्यार्थ्याने भ्रमणध्वनीवर छायाचित्र धाडले. झाडीने भरलेल्या टेकडीच्या पायथ्याशी एक दगडी चर्च, चौकोनी मनोरा, भोवती थडगी. खाली रोमन अक्षरांत मराठी मजकूर : ‘सर, तुमच्या पाद्र्याचं गाव सापडलं.’

गावाचे नाव क्लिफ पायपार्ड. विल्टशायरमधले लहानसे खेडे. चर्च बहुतांशी पंधराव्या शतकातले. आपल्याकडे ग्रामदैवतावर पंचक्रोशीचा हक्क असतो, तसाच या चर्चवर आसपासच्या वस्त्यांचा. त्यांतलीच एक बुश्टन. तेथे १५४९च्या सुमारास टॉमस स्टीफन्स जन्मला. एम. ए.ला आम्ही ज्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ अभ्यासले, तेच हे फादर स्टीफन्स.

एलिझाबेथ राणीच्या राज्यात रोमन पंथाची उपासना निषिद्ध ठरली. पंचक्रोशीचे चर्च जागच्या जागी राहिले, पण स्टीफन्सच्या पंथाचे राहिले नाही. त्याने रोम गाठले, तो जेझुइट झाला आणि ऑक्टोबर १५७९मध्ये गोव्यास उतरला. ईस्ट इंडिया कंपनीला सनद मिळाली ती १६०० साली! पुढची चाळीस वर्षे बहुतांशी गोव्यात काढून १६१९मध्ये तो तेथेच वारला.

ज्या साष्टी प्रांतात त्याने सेवा केली, तेथली देवळे पोर्तुगिजांनी १५६७मध्ये पाडली होती, हे आम्ही विसरत नाही. उपासनास्थान हिरावले जाण्याचे दुःख जाणणारा हा मनुष्य त्या भग्न चौथऱ्यांवरून जाताना काय विचार करीत असेल, हा प्रश्न आम्हाला अजून सुटलेला नाही. पण ज्ञानेश्वर-एकनाथांच्या ओवीचे वळण उचलून त्याने सुमारे अकरा हजार ओव्या रचल्या, आणि त्यांत मराठीची थोरवी अशी गायिली की आम्ही जन्माचे मराठी असून ओशाळावे. ग्रंथ १६१६मध्ये राचोल येथे छापला गेला, तो मात्र रोमन लिपीत. देवनागरीचे खिळे तेथे नव्हते. बांदेलूंची देवनागरी आवृत्ती पुण्यास निघाली ती १९५६ साली.

खिळ्यांची अडचण आज कोणास आहे? तरी बंगळुरूस असलेली आमची कन्या आजीला मराठी पत्र लिहिते ते भ्रमणध्वनीवर, रोमन अक्षरांत. आमच्या मातोश्रींना देवनागरीखेरीज लिपी येत नाही. आम्ही शाळेतून परतेपर्यंत त्या यंत्र पदराखाली धरून बसतात.

त्या रात्री नातीचे पत्र वाचून झाल्यावर आम्ही त्यांना चर्चचे छायाचित्र दाखविले, स्टीफन्सची हकीकत सांगितली. बराच वेळ त्या मनोऱ्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “इतक्या ओव्या लिहिल्यान् त्याने. पण त्याच्या आईला त्या कोण रे वाचून दाखवणार होतं?”