"डिलीट केलंय" म्हणे!

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. भांडण "सगळं डिलीट केलंय की" या वाक्याशी आहे.

पारनेर असो की पुणे, शाळा, पतसंस्था किंवा सोसायटी जुने संगणक भंगारात काढते तेव्हा हेच उत्तर मिळतं. ते खरं नाही. फाइल डिलीट केली, रिसायकल बिन रिकामा केला, तरी संगणक फक्त तिची नोंद काढतो. अनुक्रमणिका फाडली तरी धडे पुस्तकात राहतात ना, तसंच. 'क्विक फॉरमॅट'चंही तेच. मजकूर परत काढणारी सॉफ्टवेअर्स फुकट मिळतात.

"आपल्या माहितीला कोण विचारतंय?" असं म्हणणाऱ्यांनी ऐकावं. अमेरिकेत एमआयटीच्या गारफिंकेल आणि शेलाट यांनी 158 जुन्या डिस्क विकत घेतल्या. त्यांचा लेख 2003 साली आला. 129 डिस्क चालू निघाल्या, त्यांतल्या नीट पुसलेल्या फक्त 12! क्रेडिट कार्डांचे नंबर 5,000 हून अधिक सापडले. 2022 मध्ये अशाच हलगर्जीपणासाठी मॉर्गन स्टॅनलीला साडेतीन कोटी डॉलर दंड झाला.

आपल्या शाळांच्या संगणकांत काय असतं? मुलाचं नाव, जन्मतारीख, जात, आधार क्रमांक, शिष्यवृत्तीचं बँक खातं. आईबापांनी गुरुजींवर विश्वास ठेवून दिलेलं. ते भंगाराच्या काट्यावर कसं जातं?

कागदाच्या बाबतीत आपण इतके बेफिकीर नव्हतो. 1980 च्या दशकात आपल्याच नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात कलेक्टर अनिलकुमार लखिना यांनी कचेऱ्यांचं दफ्तर शिस्तीत लावून दाखवलं. 'लखिना पॅटर्न' राज्यभर गाजला. सरकारी दफ्तराच्या सहा गठ्ठ्यांत एक गठ्ठा खास नाश करायच्या कागदांचा असतो. मग हार्ड डिस्कलाच नियम नको?

खर्चाची सबब सांगू नका. डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडा, विंडोजमध्ये 'क्विक फॉरमॅट'समोरची खूण काढा आणि पूर्ण फॉरमॅट करा. व्हिस्टापासून पुढच्या विंडोजमध्ये यात सगळ्या डिस्कवर शून्यं लिहिली जातात. तबकडीवाल्या डिस्कला हे एकदा पुरतं. पस्तीस वेळा पुसायचा सल्ला 1996 चा, जुन्या डिस्कसाठीचा. एसएसडीला मात्र फॉरमॅट पुरेसं नाही, तिच्या कंपनीचं 'सिक्युअर इरेज' वापरा. बंद पडलेल्या डिस्कच्या तबकड्या फोडा.

माझी मागणी साधी आहे. डेडस्टॉक रजिस्टरात निर्लेखनाच्या वेळी एक रकाना वाढवा: डिस्कचा सीरियल नंबर, कशी पुसली, कोणी पुसली, सही. सही नसेल तर संगणक दाराबाहेर जाता कामा नये.

काम संपलं की माहिती खोडावी, हे तत्त्व 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही आहे. पण कायद्याची वाट कशाला बघायची? आपल्या नात्यागोत्यात शाळा समितीवर आणि पतसंस्थांत बरेच जण आहेत. पुढच्या मीटिंगला एवढंच विचारा, "सही कुठे आहे?" उत्तर काय मिळालं ते मला जरूर कळवा.