समुद्राचे दप्तर

जुन्या कागदाचे मोल धुळेकरांना वेगळे सांगावे लागत नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १९२६ सालच्या अखेरच्या दिवशी याच गावी देह ठेवला, आणि त्यांनी गावोगावच्या वाड्यांतून उन्हातान्हात हिंडून जमविलेल्या साधनांच्या जतनासाठी पुढच्याच वर्षी येथे संशोधन मंडळ उभे राहिले. कागद कोणी लिहिला, कोठे लिहिला, कशासाठी लिहिला आणि दुसऱ्या कागदाशी त्याची रुजवात पटते की नाही, हे पाहिल्यावाचून त्यावर विश्वास टाकू नये, ही शिस्त आम्ही तेथे शिकलो. हीच शिस्त समुद्रालाही लागू पडते, हे मात्र सह्याद्रीच्या अलीकडे राहणाऱ्या आमच्या ध्यानात फारसे येत नाही.

वाऱ्याची दिशा, वायुभार, आकाशाची स्थिती, पाण्याचे तापमान अशा बाबींची नोंद खलाशी आपल्या रोजनाम्यात करीत आले आहेत. १८५३ साली ब्रुसेल्स येथे भरलेल्या परिषदेत दर्यावर्दी राष्ट्रांनी या नोंदींचा समान नमुना ठरविला. या नोंदी वाचणे वाटते तितके सोपे नाही. जुन्या काळी पाणी कॅनव्हासच्या बादलीने वर काढीत, आणि तापमापक बुडवीपर्यंत बाष्पीभवनाने ते किंचित निवलेले असे. पुढे यंत्रघरात घेतल्या जाणाऱ्या पाण्याचेच तापमान मोजण्याचा प्रघात पडला, आणि तो आकडा थोडा चढा येई. महायुद्धाच्या काळातील नोंदी बव्हंशी अमेरिकी जहाजांच्या, यंत्रघरातल्या. युद्ध संपताच बादलीवाल्या ब्रिटिश जहाजांच्या नोंदी वाढल्या, आणि १९४५ सालच्या सुमारास जगातील समुद्र एकाएकी थंड झाल्याचा भास आकड्यांनी निर्माण केला. समुद्र होता तेथेच होता. बदलली होती ती बादली. या बादलीची रुजवात घेणाऱ्या शास्त्रज्ञास राजवाड्यांनी आपल्या पंक्तीस बसविले असते, असे मला वाटते.

या दप्तराचा आमच्या कपाशीशी संबंध काय, याचे उत्तर पुण्यात जन्मलेल्या आणि बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आयुष्य वेचलेल्या डॉ. सुलोचना गाडगीळ यांच्या संशोधनात सापडते. तापलेली भूमी समुद्रावरील वारे ओढून घेते, ही १६८६ सालची हॅलीची उपपत्ती पाठ्यपुस्तकांत ठाण मांडून बसली होती. डी. आर. सिक्का यांच्या समवेत उपग्रहांची चित्रे तपासून गाडगीळबाईंनी १९८० साली दाखवून दिले की, विषुववृत्तालगतच्या सागरावर उगम पावणारा मेघपट्टा उत्तरेकडे सरकत भूमीवर येतो आणि तोच आपला मोसमी पाऊस होय. १९८४ साली त्यांनी सहकाऱ्यांसह मांडले की, सागरपृष्ठ २८ अंशांच्या आसपास तापल्यावाचून तेथे मेघांची व्यवस्थित दाटी होत नाही. तथापि तो उंबरठा ओलांडला म्हणजे मेघ जमतीलच असेही नाही. १९९७ साली प्रशांत महासागरातील एल निनो अत्यंत प्रबळ असूनही देशात पाऊस तुटला नाही, आणि २००२ साली तो त्या मानाने सौम्य असताना जुलैचा पाऊस निम्म्याच्या आसपास आला. आफ्रिकेच्या बाजूचा आणि सुमात्राच्या बाजूचा विषुववृत्तीय सागर यांवरील मेघांचे पारडे त्या दोन वर्षी उलटसुलट झुकले होते, हा खुलासा त्यांच्या २००४ सालच्या निबंधात आहे. विद्वत्तेचा बडेजाव न करता शेतकऱ्याशी भुईमुगाच्या पेरणीच्या तारखांविषयी बोलणाऱ्या या विदुषीचे २०२५ साली निधन झाले. खानदेशात तिची म्हणावी तशी दखल घेतली गेली नाही, याची खंत वाटते.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांचे सहकारी यांनी जुन्या नोंदींच्या आधारेच दाखविले आहे की, १९०१ ते २०१२ या काळात पश्चिम हिंदी महासागर पावसाळी महिन्यांत १.२ अंशांनी तापला. मध्य भारताच्या पट्ट्यात १९५० ते २०१५ या अवधीत विस्तृत अतिवृष्टीचे प्रसंग तिपटीने वाढले, असेही त्यांचे अनुमान आहे, आणि त्यासाठी लागणारे बाष्प मुख्यत्वे अरबी समुद्र पुरवितो, ज्या समुद्रास आमची तापी जाऊन मिळते. यावर कोणी म्हणेल की, पांझरेने १८७२ सालीही धुळ्यातील घरेदारे वाहून नेली होती, पूर काही नवा नाही. आक्षेप रास्त आहे. पण नित्याचा पूर कोणता आणि वाढता कोणता, हा निवाडा अनेक दशकांच्या नोंदी एका ओळीत मांडल्यावाचून होत नाही, आणि तेथेच आमचा हलगर्जीपणा आड येतो.

मामलेदाराच्या कचेरीत पर्जन्यमापक असे, आणि कारकून रोजचा पाऊस वहीत टिपून ठेवी. अशा वह्यांची जळगाव आणि धुळे या दोन्ही जिल्ह्यांच्या दप्तरखान्यांत झडती घ्यावी, मिळतील त्यांच्या छायाप्रती कराव्यात आणि त्या महाविद्यालयांतील अभ्यासकांच्या हाती द्याव्यात. यास फार मोठा खर्च येणार नाही. आणि ज्या वाचकाच्या घरी आजोबांच्या हातची पेरणीपाण्याची, नदीच्या पुराची वही असेल, त्याने ती या दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत घालू नये, एवढी विनंती आहे.