भूक जागवणारं की भूक मारणारं?

हल्ली आमच्या कोल्हापुरात कुठल्याही लग्नाला जा, मंगल कार्यालयात पाऊल टाकलं की आधी स्टार्टर समोर येतात. लालभडक मंच्युरियन, चिली पनीर, बटाट्याचं काहीतरी तळलेलं, आणि सगळ्यावर कॉर्नफ्लोअरचं जाड पांघरूण. माणसं उभ्या उभ्या तीन-चार ताटल्या फस्त करतात, आणि मग जेवणाचं ताट भरून घेऊन त्यातलं निम्मं टाकतात. 1972 चा दुष्काळ पाहिलेल्या माझ्यासारखीला ते बघवत नाही. पण आज नासाडीवर प्रवचन करायचं नाहीये. माझा प्रश्न साधा आहे. जेवणाआधीच्या पदार्थाचं काम काय? भूक जागवायची, की मारायची?

आपल्या आयुर्वेदात याला 'दीपन' असा सुंदर शब्द आहे. पोटातला अग्नी पेटवणारं ते दीपन. म्हणून जेवणाआधी आल्याचा तुकडा मीठ लावून खायला सांगतात. आणि आमचा पांढरा रस्सा? खरा कोल्हापूरकर जेवण सुरू व्हायच्या आधीच त्याची एक वाटी तोंडाला लावतो! हे खरं स्टार्टर. तळलेल्या मैद्याच्या गोळ्यांनी अग्नी पेटत नाही, झाकला जातो.

हे सगळं नव्याने आठवलं ते व्हिएतनामी पदार्थांमुळे. आमच्या पिढीला तो देश ठाऊक होता युद्धामुळे. मी बी. ए. करत होते तेव्हा वर्तमानपत्रात सतत त्याच्याच बातम्या. 30 एप्रिल 1975 ला सायगाव पडलं, युद्ध संपलं, आणि तो देश आमच्या डोक्यातून गेलाच. आता मुंबईहून तिकडे थेट विमानं जातात, सहलींच्या जाहिराती येतात, आणि माझी नात पुण्याहून येताना 'राइस पेपर'चं पाकीट आणते. तांदळाचा कागद! मी एक चकती उजेडाकडे धरली आणि म्हटलं, "अगं, ही तर आपली सालपापडी!"

कोणी सालपापडी म्हणतं, कोणी फेणी. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, गंधासारखे बारीक वाटायचे, पातळ पीठ ताटलीवर पसरून वाफेवर धरायचं, आणि कड सोडवून अलगद पापुद्रा काढायचा. मग जुन्या साडीवर वाळवण. व्हिएतनाममध्येही तांदळाचं पातळ पीठच असतं, फक्त ते उकळत्या पातेल्यावर ताणून बांधलेल्या कापडावर पसरतात आणि बांबूच्या पट्टीने पापुद्रा उचलून ताट्यांवर वाळवतात. त्याला म्हणतात 'बान त्रांग'. आणि न वाळवता ओलाच खातात त्याला म्हणतात 'बान उअत'. 'उअत' म्हणजे ओलं! वाळवणाच्या दिवशी आपली पोरं ओल्या पापड्या तेल-तिखट लावून पळवतात, अगदी तेच.

आता चाखून बघावेत असे पदार्थ सांगते. पहिला 'गोई कुओन'. हा तांदळाचा कागद पाण्यातून क्षणभर काढायचा, मऊ झाला की त्यात तांदळाच्या शेवया, काकडी, पुदिना, कोथिंबीर, कोळंबी आणि डुकराचं मांस ठेवून घट्ट गुंडाळी करायची. तळणं नाही, फोडणी नाही. बाहेरून आतली हिरवी पानं दिसतात. सोबत दाण्यांचा दाटसर सॉस, किंवा लिंबू, साखर, लसूण, मिरची आणि माशाचं पाणी घातलेली आंबटगोड चटणी. एक गुंडाळी खाल्ली की तोंडाला पाणी सुटतं आणि पोटात जागा शिल्लक राहते.

दुसरा 'बान सेओ'. तांदळाच्या पिठात हळद आणि नारळाचं दूध, म्हणजे पिवळं घावनच. तापल्या तव्यावर पीठ पडताना जो चर्र आवाज होतो, त्यावरून हे नाव. तिसरा ह्युए या जुन्या राजधानीचा 'बान बेओ'. इवल्या इवल्या बशांतून वाफवलेले तांदळाचे नाजूक घास, वर वाळलेल्या कोळंबीचा चुरा. म्हणजे वर सुकट भुरभुरलेली छोटीशी इडली म्हणा ना.

तळलेलं त्यांच्याकडे नाही असं नाही. दक्षिणेत 'चा यो' आणि उत्तरेत 'नेम रान' म्हणतात ते तळलेलेच रोल. पण ते नुसते खात नाहीत. सॅलडच्या पानात पुदिन्यासह गुंडाळतात, आंबट चटणीत बुडवतात, मग तोंडात. बान सेओचंही तसंच. तळणाला कच्च्या पानाची जोड हवीच. पानांचं भलं मोठं ताट पाहुण्यांच्या पुढ्यात मानाने ठेवतात.

मला नेमकं हेच भावलं. कारण हे आपल्याकडेही होतं आणि आपण ते अडगळीत टाकलं. मेथीचा घोळाणा आठवतोय? कच्ची कोवळी मेथी, कांदा, दाण्याचं कूट, मीठ, वर तेलाची धार. भाकरीबरोबर कोवळी करडई, कांद्याची पात कच्चीच खायची. माझ्या वर्गातल्या शेतकऱ्यांच्या मुली डब्यात हेच आणायच्या आणि झाकण आडवं धरून खायच्या, कोणी बघेल म्हणून. तीच पानं तांदळाच्या कागदात गुंडाळून इंग्रजी नावाने आली की मोठ्या हॉटेलात चांगल्या पैशांना विकली जातात. लाज पानांची नव्हती हो, ती गरिबीची होती. आपण ती पानांना चिकटवली.

कोणी म्हणेल, कोल्हापूरकराला हे सपक लागणार, आपलं ते तिखट. पण मिरची तरी आपली कुठे? अमेरिका खंडातून निघालेली मिरची पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आली, म्हणजे 1498 नंतर कधीतरी. आज तिच्याशिवाय कांदा-लसूण चटणीची कल्पनाही करवत नाही. बाहेरचं घ्यायला आपण कधी कचरलो नाही. मग घेताना निवडून घ्यावं, एवढंच माझं म्हणणं.

आणि माशाच्या पाण्याचा वास, मांस वगैरे चालत नसेल त्यांनी खुशाल सोडावं. आम्ही घरी शाकाहारी गुंडाळ्या केल्या. काकडी, गाजर, उकडलेल्या शेवया, पुदिना, कोवळी मेथी, भरडलेले दाणे. चटणीत लिंबू, साखर, लसूण, मिरची, मीठ आणि पाणी. पावसाळ्यात पानं मिठाच्या पाण्यात घालून मग स्वच्छ धुवावीत, एवढं पथ्य पाळा. दातांनी रजा घेतलेल्या आमच्या वयालाही हा पदार्थ झेपतो, शेवया मऊ आणि पानं बारीक चिरली की झालं.

तेव्हा व्हिएतनामी पदार्थ मिळाले तर जरूर खा. पण त्या पाकिटाचं कौतुक करताना हेही लक्षात असू द्या की व्हिएतनामने आपली सालपापडी टिकवली आणि जगभर विकली. आपल्याकडे आजऱ्याच्या घनसाळसारखा सुवासिक तांदूळ आहे, त्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. नाही ते फक्त वाफेवरून पापुद्रा सोडवणारे हात. ज्यांना ती नजाकत येते त्या बायका आता सत्तरी-ऐंशीच्या आहेत. तुमच्या घरात अशी कोणी असेल तर या उन्हाळ्यात तिच्याशेजारी पाट घेऊन बसा. पहिल्या चार पापड्या फाटतील. पाचवी निघेल. ती वाळवू नका, ओलीच ठेवा, आत घोळाणा भरा आणि पाहुण्यांना जेवणाआधी द्या. मग बघा, ताटात काही उरतं का ते!