पालकत्वाची घाई कशाला?

‘दिव्यांग मूल अठरा वर्षांचे झाले की लगेच पालकत्वाचा दाखला काढून ठेवा’ हा गेल्या अंकातील पत्रलेखकांचा सल्ला काळजीपोटी आहे, पण अर्धवट आहे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली स्थानिक स्तर समिती पालक नेमते, हे खरे. मात्र २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे १३ वे कलम त्यांनी विचारात घेतलेले दिसत नाही. त्यानुसार दिव्यांग व्यक्तीला निर्णयात साथ देणारा आपला मदतनीस बदलता येतो, काढूनही टाकता येतो; आणि पैशाच्या व्यवहारात मदतनिसाचेच हित आड येत असेल, तर त्याने त्यापुरते बाजूला व्हायचे. (वडिलोपार्जित घर असलेल्यांनी हे दोनदा वाचावे!) १४ व्या कलमातला मर्यादित पालकही ठरावीक मुदतीपुरता, ठरावीक निर्णयापुरता, आणि तोही त्या व्यक्तीच्या इच्छेनुसार चालणारा.

माझ्या भाचीला डाउन सिंड्रोम आहे. तिच्या पगाराचे पैसे काढायच्या स्लिपवर रक्कम अक्षरी मी लिहिते. ती पासबुकातल्या शिलकीवर बोट ठेवून ‘आता किती उरतील?’ विचारते, मग सावकाश सही करते. एकदा बँकेत ‘पालकाची सही आणा’ म्हणाले. नकार लेखी द्या म्हटल्यावर तिचीच सही चालली.

ज्यांचे मन कळणेच अवघड, त्यांचे काय, हा पत्रलेखकांचा प्रश्न रास्त आहे. तिथे मर्यादित पालक लागेलही. पण म्हणून स्वतःचा पगार मोजून घेणाऱ्या मुलीची सही आधीच का काढून घ्यायची?

– एक मावशी, सातारा