कूलर सुरू, नेट बंद

पायरीवरून : पायरीकर

मार्च लागला की त्या पतसंस्थेचं नेट आजारी पडायचं आणि मृगाच्या पावसाबरोबर आपोआप बरं व्हायचं. सलग तीन उन्हाळे हेच. गाव सांगत नाही. संस्थेचा सचिव माझा वर्गमित्र आहे आणि पुढचा किस्सा त्याला फारसा शोभणारा नाही.

सकाळी दहाला शटर उघडलं की सगळं सुरळीत. अकरा-साडेअकराच्या पुढे राऊटरचे दिवे एकदम विझायचे, मग लुकलुकायचे, आणि दोन-तीन मिनिटं काउंटरवरचे दोन्ही संगणक मुके. अर्ध्या-पाऊण तासाने पुन्हा तेच. पाच वाजले की पुन्हा गुणी बाळ. पहिल्या वर्षी नेटवाला पोरगा येऊन राऊटर बदलून गेला. दुसऱ्या वर्षी संस्थेने कंपनीच बदलली. तिसऱ्या वर्षी प्लॅन वाढवला, पन्नासचा शंभर एमबीपीएस. त्याने फरक पडला तो इतकाच की आधी पन्नासचं नेट जायचं, आता शंभरचं जाऊ लागलं.

शेवटी पंख्याचा कंडेन्सर बदलायला आलेल्या फिटिंगवाल्या काकांनी हा रोग ओळखला. ते शिडीवर होते, खाली कॅशियर आणि मॅनेजर यांचा नेहमीचा वाद चालला होता. कॅशियरला कूलरच्या ओल्या हवेने खोकला येतो आणि मॅनेजरला कूलरशिवाय श्वास येत नाही. एक बटण बंद करतो, दुसरा जाऊन चालू करतो. बटण दाबलं आणि काउंटरवरून आवाज आला, "नेट गेलं!" काका शिडीवरूनच म्हणाले, "एकडाव पुन्हा बंद करून चालू करा बरं." केलं. दिवे पुन्हा विझले. "मंग तुमचं नेट कंपनीले नाई, कूलरले लटकून आहे नं साहेब."

खिडकीत पत्र्याचा कूलर, त्याच्यामागच्या फळीवर राऊटर, आणि दोघांचे प्लग एकाच ढिल्या एक्स्टेंशन बोर्डात. दुपारी गावभर कूलर आणि मोटारी चालू असल्याने व्होल्टेज आधीच पडलेलं. कूलरची मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. तेवढ्या क्षणात राऊटरचा बारा व्होल्टचा अडॅप्टर दम तोडतो, राऊटर नव्याने सुरू होतो आणि पुन्हा जोडणी व्हायला दोन-तीन मिनिटं घेतो. त्या मिनिटांत जो अर्ज भरणं चालू असेल तो पहिल्यापासून. शिवाय राऊटर आणि संगणकांच्या मध्ये पत्रा आणि पाण्याची टाकी. वाय-फायच्या लहरींना याहून मोठे वैरी नाहीत. पत्रा त्यांना परतवतो, पाणी पिऊन टाकतं.

आपल्याकडे या विषयावर बोलायचं तर ‘रेंज’ हा एकच शब्द वापरतात. "रेंज नाही", "रेंज आहे पण चालत नाही". मोबाइलवर वाय-फायच्या काड्या भरलेल्या दिसतात त्या फक्त तुमच्यात आणि भिंतीवरच्या डब्यात बोलणं होतंय एवढंच सांगतात. डब्याचं पुढे कोणाशी बोलणं आहे का, हे त्या काड्यांना माहीत नसतं. दुकानाचं शटर उघडं आहे याचा अर्थ आत माल आहे असा नव्हे. फायबरच्या जोडणीत ‘लॉस’ नावाचा एक छोटा दिवा असतो. तो लाल झाला की काच बाहेर कुठेतरी तुटली, कंपनीला फोन करा. तो विझलेलाच आहे, बाकीचे दिवे हिरवे आहेत आणि तरी एकाच टेबलावर नेट नाही, तर दोष बहुतेक आपल्याच घरात. हा एक दिवा बघायला शिकलेला शिपाई कार्यालयात असेल तर निम्म्या तक्रारी जागेवर मिटतात.

बिनतारी हा शब्दच फसवा आहे. बिनतारी असतात ती शेवटची दहा पावलं. त्याआधी सगळी तारच. म्हणून माझं साधं म्हणणं आहे की कार्यालयात वाय-फाय भरवशाचं हवं असेल तर आधी तार ओढा. जो संगणक वर्षानुवर्षं टेबलावरून हलत नाही त्याला हवेतून नेट देण्याचं कारण काय? काउंटर, प्रिंटर आणि व्हीसीचा, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्सचा संगणक यांना केबल द्या. साधी केबल शंभर मीटरपर्यंत बिनतक्रार जाते आणि आपल्या बहुतेक कचेऱ्या तेवढ्या लांब नसतात. मग हवेत उरतात फक्त मोबाइल आणि लॅपटॉप.

हवा मोकळी राहणं का महत्त्वाचं, तर वाय-फाय ही ग्रामसभेसारखी चीज आहे. एका वेळी एकानेच बोलायचं, बाकीच्यांनी थांबायचं. कोपऱ्यातल्या खोलीत, दोन भिंतींपलीकडे बसलेला मोबाइल अडखळत, हळूहळू बोलतो आणि तेवढा वेळ सगळ्यांचा जातो. म्हणजे लांबच्या एका फोनमुळे जवळचे दहा संगणकही सुस्तावतात. भर म्हणून शेजारची ग्रामसभाही त्याच मंडपात भरलेली असते. यवतमाळच्या दत्त चौकासारख्या बाजारात मोबाइलवर वाय-फायची यादी उघडून बघा, नावं संपत नाहीत. जुन्या २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात एकमेकांच्या अंगावर न येणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. हा पट्टा भारतात २००५ मध्ये परवानामुक्त झाला आणि तेव्हापासून त्यात गर्दीच गर्दी. २०१८ च्या ऑक्टोबरात ५ गिगाहर्ट्‌झचा मोठा पट्टाही मोकळा केला गेला. तिथे जागा ऐसपैस, वेग भरपूर, पण भिंती ओलांडायच्या म्हटलं की तो दमतो. इंग्रजी अमदानीतल्या दीड-दोन फुटी भिंतींच्या कचेरीत तो एका खोलीपुरताच. तेव्हा अशा इमारतीत एक जबरदस्त डबा आणून उपयोग नाही, खोलीगणिक छोटे डबे हवेत आणि प्रत्येकापर्यंत तार हवी. लोक तारेचा खर्च वाचवायला रिपीटर लावतात. साधा रिपीटर एका कानाने ऐकतो आणि त्याच तोंडाने पुन्हा तेच बोलतो, त्यामुळे वेग साधारण निम्म्यावर येतो. आणि कृपा करून कोणताही डबा लोखंडी कपाटावर ठेवू नका. आपल्या कचेऱ्यांत ती जागा का कोण जाणे देव्हाऱ्यासारखी ठरून गेली आहे.

व्हीसीचा उल्लेख वर ओझरता केला, पण तो ओझरता विषय नाही. "आज साहेबांची व्हीसी आहे" हे वाक्य ज्याने तालुक्याच्या पायरीवर ऐकलं नाही त्याने कधी दाखला काढलेला नाही. जिल्ह्याहून व्हीसी लागली की सगळं नेट त्या एका पडद्याकडे वळतं आणि बाहेर रांगेतल्या माणसाला "लिंक नाही" असं सांगितलं जातं. एका व्हीसीला दोन-तीन एमबीपीएस पुरतात. उत्पन्नाच्या दाखल्याच्या अर्जाला तर त्याच्या काही अंशानेही भागतं. शंभर एमबीपीएसच्या जोडणीवर या दोघांचं भांडण होण्याचं कारणच नाही. होतं, कारण व्हीसीचा लॅपटॉप हवेवर असतो आणि खोलीतल्या पंधरा अधिकाऱ्यांचे पंधरा मोबाइलही त्याच हवेवर.

आता इमारतीच्या बाहेर येऊ. सगळा दोष कूलरवर आणि कपाटावर टाकला तर ते कंपन्यांच्या आणि सरकारच्या पथ्यावरच पडेल. देशातल्या अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना केंद्राने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर केली, पुढे तिचं नाव भारतनेट झालं आणि महाराष्ट्रात दुसऱ्या टप्प्याचं काम महानेट म्हणून आलं. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात सोळा तालुके आणि बाराशेच्या आसपास ग्रामपंचायती. तालुक्याहून निघालेली काच माळेसारखी एका गावातून पुढच्या गावात गेली. माळेचा दोरा एका जागी तुटला की पुढचे सगळे मणी खाली. रस्ता रुंद करणाऱ्या जेसीबीला जमिनीखाली काय आहे याची पर्वा नसते, आणि गेली कित्येक वर्षं जिल्ह्यात रस्त्याचं काम कुठे ना कुठे चालूच आहे. माळेची ही चूक वर कोणालातरी उमगली असावी. ऑगस्ट २०२३ मध्ये १ लाख ३९ हजार ५७९ कोटींची सुधारित योजना मंजूर झाली, तिच्यात माळेऐवजी कड्याची रचना आहे. एका बाजूने तुटलं तर दुसऱ्या बाजूने नेट येईल. दहा वर्षांची देखभालही त्यात धरली आहे. मला त्या मोठ्या आकड्यापेक्षा ‘कडं’ आणि ‘देखभाल’ हे दोन शब्द जास्त आश्वासक वाटतात. फक्त गावात पोचलेलं ते टोक कुलूपबंद पेटीत राहू नये, आणि पेटीची किल्ली बदली होऊन गेलेल्या ग्रामसेवकाच्या खिशात राहू नये.

एका दिवसापुरतं नेट उभं करणं आपल्याला उत्तम जमतं. २० मार्च २०१४ रोजी आर्णी तालुक्यातल्या दाभडीत नरेंद्र मोदींची शेतकऱ्यांशी ‘चाय पे चर्चा’ झाली आणि ती देशभर ठिकठिकाणी पडद्यांवर थेट पाहिली गेली. २०१६ मध्ये आपल्याच विभागातलं मेळघाटातलं हरिसाल डिजिटल गाव म्हणून गाजलं, टीव्हीच्या मोकळ्या लहरींवरून तिथे इंटरनेट नेण्याची गोष्ट झाली. तीनच वर्षांनी राज ठाकरे सभांमधून "लाव रे तो व्हिडिओ" म्हणत त्याच हरिसालची अवस्था दाखवत होते. आता आकाशातून नेट येणार म्हणतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये राज्य सरकारने स्टारलिंकशी इरादापत्र केलं, त्यात गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव आणि आपल्या शेजारच्या वाशीमचं नाव आहे. आलं तर चांगलंच. पण ती ताटलीही शेवटी एखाद्या एक्स्टेंशन बोर्डातच खोचली जाईल.

हे सगळं इतकं का लावून धरायचं? कारण नेट गेल्याचा दंड ज्याच्यामुळे गेलं त्याला होत नाही. २०२५ च्या हंगामापासून सीसीआयला, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाला, हमीभावाने कापूस द्यायचा तर ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी आली. पीक पाहणी मोबाइलवर, रेशनला अंगठा मशीनवर, बाकी योजनांना ई-केवायसी. झरी जामणीच्या कोपऱ्यातून आलेला माणूस "उद्या या" ऐकून परत जातो तेव्हा त्याची मजुरी बुडते, एसटीचं भाडं बुडतं. कचेरीचं काय बुडतं? काहीच नाही, उलट दुपार निवांत जाते.

कंपनी कोटेशनमध्ये वेग लिहिते, आपणही वेगच विचारतो. महिन्यात किती तास चालेल हे विचारत नाही. ९९ टक्के चालेल असं म्हटलं तरी तीस दिवसांच्या महिन्यात सात तास बारा मिनिटं बंद राहण्याची मुभा झाली. ती सगळी मिनिटं कामाच्या वेळेतच आली तर अख्खा एक दिवस गेला. तेव्हा कार्यालयात हजेरीबुकाशेजारी एक नेटवही ठेवा. किती वाजता गेलं, लॉसचा दिवा लाल होता की नाही, लाईट होती का, कोणाला फोन केला, किती वाजता आलं. महिन्याचं बिल त्या वहीशी ताडून मगच मंजूर करा. आणि राऊटरला स्वतःचा प्लग आणि एक छोटा बॅटरीचा डबा द्या. अडीच-तीन हजारांच्या आत येतो आणि लाईट गेली तरी दोन-तीन तास नेट तगवतो. भारनियमनाच्या या मुलखात याला चैन म्हणता येणार नाही.

माझ्या मित्राच्या पतसंस्थेत काकांनी राऊटर खिडकीतून उचलून हॉलच्या मध्यावर, छताखाली नेला, काउंटरचे दोन्ही संगणक तारेवर घेतले आणि कूलरला वेगळी लाईन दिली. मग विचारलं, "अर्थिंगचा खड्डा कुठी आहे?" कोणालाच आठवेना. मागच्या अंगणात सापडला, कोरडा ठणठणीत. मीठ-कोळशाच्या त्या खड्ड्याला वर्षानुवर्षं कोणी तांब्याभर पाणी घातलं नव्हतं. कूलरच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात हे मात्र सगळ्यांना माहीत होतं, म्हणून त्याला कोणी हात लावत नसे इतकंच.

काकांनी कूलरच्या टाकीला एक नळी जोडली. दर दोन दिवसांनी टाकी रिकामी करावी लागते, ते पाणी आता अंगणातल्या त्या खड्ड्यात जातं. नेटवहीत एप्रिलच्या दोन नोंदी आहेत. दोन्ही वेळा दिवा लाल होता.

कॅशियरचा खोकला मात्र अजून आहे.